निर्जंतुक तोंडाचा हट्ट

टूथपेस्ट आणि माउथवॉशच्या जाहिरातींत जंतूंचे एक ठरलेले चित्र असते. दातांच्या फटीत दबा धरून बसलेले, हिरवट रंगाचे, दात विचकणारे काही प्राणी दिसतात. मग निळ्या द्रवाची लाट येते, सगळे वाहून जातात आणि खाली मोठ्या अक्षरांत '99.9 टक्के जंतूंचा नाश' झळकतो. तोंडाचे आरोग्य म्हणजे जंतूंचा नायनाट, हे समीकरण आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यावर शंका घ्यावी असे कुणाला वाटतही नाही. ती घ्यायला हवी. माणसाच्या तोंडात राहणाऱ्या जीवाणूंच्या सातशेहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. एकेका तोंडात त्यांतल्या शंभर-दोनशे सहज नांदतात आणि बहुतेक जाती आयुष्यभर कसलाही त्रास देत नाहीत. काही तर आपल्या शरीराला न जमणारी कामे करून देतात. दात किडतात आणि हिरड्या सुजतात तेव्हा बहुधा कुणी परका शत्रू आत शिरलेला नसतो. याच वस्तीचा तोल बिघडलेला असतो, आणि तो बिघडवायला आपले खाणे, आपल्या सवयी आणि आपला बाजार कारणीभूत असतात. हे मान्य केले तर उपायाची दिशाच बदलते. सरसकट जंतू मारत सुटण्यापेक्षा ज्या परिस्थितीत उपद्रवी जंतू माजतात ती परिस्थिती बदलणे हे खरे काम ठरते.

या वस्तीची पहिली नोंद साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे, आणि आजच्या वादाचे बीज तिच्यातच सापडते. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी आंतोनी फान लेव्हेनहूक स्वतः भिंगे घासून सूक्ष्मदर्शक बनवत असे. 17 सप्टेंबर 1683 रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या दातांमधल्या पांढरट थराचे वर्णन केले आहे. तो रोज मिठाने दात घासायचा, तरीही दाढांच्या मध्ये पिठासारखा थोडा थर उरायचा. तो थर पावसाच्या पाण्यात कालवून भिंगाखाली धरल्यावर त्याला चिमुकले जीव वळवळताना दिसले. काही माशासारखे सुळकन पुढे जाणारे, काही भोवऱ्यासारखे गरगरणारे. पुढे त्याने आणखी एक प्रयोग केला. तीव्र व्हिनेगर तोंडात धरून त्याने दातांच्या फटींतून खेळवला, चूळ भरली आणि पुन्हा थर काढून पाहिला. थरात जीव तसेच जिवंत होते. तोच व्हिनेगर काढलेल्या थरात थेट मिसळला तेव्हा मात्र ते मेले. व्हिनेगर थराच्या आतपर्यंत पोचतच नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. जंतू सुटे नसतात, एकमेकांना धरून चिकट थरात राहतात आणि वरून ओतलेले औषध त्या थराला पुरे पडत नाही, ही गोष्ट विज्ञानाने पुढे तीनशे वर्षांनी नव्याने शोधली.

मधल्या काळात वैद्यकाची नजर वेगळीकडे वळली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चर आणि कॉख यांनी एक जंतू, एक रोग हे सूत्र सिद्ध करून दाखवले. क्षय, पटकी, घटसर्प यांच्याबाबत ते तंतोतंत खरे होते. कॉखच्या प्रयोगशाळेच्या संस्कारात तयार झालेला विलोबी मिलर हा अमेरिकी दंतवैद्य बर्लिनमध्ये काम करत होता. तोंडातले जीवाणू पिठूळ आणि गोड पदार्थांचे आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवते, हे त्याने 1890 च्या ग्रंथात मांडले. मात्र कुणा एका जंतूवर त्याने ठपका ठेवला नाही. तो ठेवायची घाई पुढच्यांना झाली. 1924 मध्ये लंडनच्या क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स वेगळा केला, आणि 1960 च्या दशकापासून तोच दात किडवणारा जंतू म्हणून बदनाम झाला. त्याच्याविरुद्ध लस काढण्याचेही प्रयत्न झाले. अडचण अशी होती की म्युटन्स कित्येक निरोगी तोंडांत सापडतो आणि काही किडलेल्या दातांवर तो जवळपास नसतोच. आरोपी घटनास्थळी नसताना गुन्हा घडत असेल तर खटलाच चुकीचा उभा राहिला आहे, असे मानावे लागते. 1994 मध्ये इंग्लंडचे फिलिप मार्श यांनी ही कोंडी फोडली. त्यांचे म्हणणे असे की रोग करणारे जंतू निरोगी तोंडातही अल्प संख्येने असतातच. तोंडातली परिस्थिती बदलली की त्यांना बळ मिळते आणि बाकीचे मागे पडतात. म्हणजे जंतूची हजेरी पुरेशी नसते, त्याची सरशी कशामुळे झाली हे पाहावे लागते.

ती सरशी कशी होते हे जवळून पाहण्यासारखे आहे. आपण दात घासून चूळ भरतो त्यानंतर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा अतिपातळ पापुद्रा एनॅमलवर चढतो. त्याला पहिल्यांदा चिकटतात ते बहुतांशी निरुपद्रवी गोल जीवाणू. त्यांच्यातला स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो आणि म्युटन्ससारख्यांना जवळ येऊ देत नाही. काही जीवाणू लाळेतल्या युरियापासून अमोनिया करून आम्लाचा जोर मोडतात. व्हेयलोनेला नावाचे जीवाणू तर शेजाऱ्यांनी सोडलेल्या लॅक्टिक आम्लावरच जगतात. अशी ही एकमेकांना धाकात ठेवणारी मंडळी. आता साखर घातलेल्या चहाचा घोट घ्या. थरातल्या जीवाणूंना साखर मिळते आणि ते तिचे लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दह्याला आंबटपणा देते तेच आम्ल. 1940 च्या दशकात स्टेफन या अमेरिकी संशोधकाने मोजून दाखवले की गोड द्रावणाने चूळ भरल्यावर थराचा सामू काही मिनिटांत धाडकन उतरतो. तो साधारण साडेपाचच्या खाली गेला की एनॅमलमधले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागते. मग लाळ कामाला लागते, आम्ल सौम्य करते, खनिजे परत बसवते. पण पूर्वपदावर यायला अर्धा-पाऊण तास, कधी तासभर लागतो. दिवसातून दोन-तीनदा असे घडले तर लाळ हिशेब चुकता करते. दर तासाला चहा-बिस्कीट, मधूनच गोळी, संध्याकाळी शीतपेय असे चालले तर थर दिवसभर आम्लातच राहतो. आम्ल न सोसणारे चांगले जीवाणू मरतात, आम्लातच फोफावणारे म्युटन्स आणि लॅक्टोबॅसिलस उरतात आणि आणखी आम्ल करतात. दात किडण्याची सुरुवात इथे होते.

म्हणूनच साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली याला जास्त महत्त्व आहे. याचा सर्वांत ठोस पुरावा अत्यंत लाजिरवाण्या प्रयोगातून आला. 1945 नंतरच्या काही वर्षांत स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म संस्थेत मतिमंद रुग्णांना त्यांच्या संमतीशिवाय वेगवेगळ्या प्रकारे साखर खाऊ घातली गेली. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात मात्र झपाट्याने किडले. असा प्रयोग आज कुणीही करू नये आणि कुणाला करताही येणार नाही, पण त्याचा निष्कर्ष टिकला आहे. दुसरा धागा पुरातत्त्वातून येतो. दातांवर चढणारे किटण हाडांसारखेच हजारो वर्षे टिकते आणि त्यात जीवाणूंचा डीएनए अडकून राहतो. युरोपातल्या 34 प्राचीन सांगाड्यांच्या किटणाचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. शिकार-संकलन करणाऱ्यांच्या तोंडातली विविधता शेती आल्यावर बदलली, आणि कारखान्यात तयार झालेले मैदा-साखर सर्रास झाल्यानंतर दात किडवणाऱ्या जातींचा वरचष्मा झाला, असे त्यात दिसले. या एका अभ्यासावर सगळी इमारत उभारता येणार नाही. पण प्रयोगशाळा, रुग्णालय आणि उत्खनन या तीन ठिकाणांहून येणारे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर ते झटकून टाकणेही शहाणपणाचे नाही.

हिरड्यांची कथा थोडी वेगळी आहे, पण तात्पर्य तेच. 1965 मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हुस शहरात हॅराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर सुमारे आठवड्यात पूर्ववत झाल्या. बाहेरून कोणताही जंतू आणून टाकला नव्हता. थराला हात न लावल्यामुळे तो जाड झाला, आतल्या भागात प्राणवायू पोचेनासा झाला आणि प्राणवायूविना जगणाऱ्या जातींचे फावले. हिरडी सुजली की तिच्यातून प्रथिने आणि रक्त पाझरते, ते पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्या जंतूंचे आवडते खाद्य असते, आणि सूज त्यांना पोसते, ते सुजेला. दाताभोवतालचे हाड झिजते ते मुख्यतः या अखंड चाललेल्या सुजेमुळे. महाराष्ट्रात मिशरी लावण्याची सवय गावोगावच्या स्त्रियांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात स्वच्छ करते अशी समजूत असते. प्रत्यक्षात ती हिरड्यांची प्रतिकारशक्ती खच्ची करते आणि कर्करोगाचा धोका ओढवून आणते. तोल बिघडवणारी गोष्टच स्वच्छतेच्या नावाखाली घरात शिरल्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नसेल.

तोल सांभाळायचा तो केवळ त्रास टाळण्यासाठी नाही. या वस्तीकडून आपल्याला मिळते ते गमावू नये म्हणूनही. पालक, मेथी, बीट यांत नायट्रेट भरपूर असते. ते आतड्यातून रक्तात जाते, आणि रक्तातल्या नायट्रेटचा सुमारे चौथा हिस्सा लालाग्रंथी उचलून लाळेत आणतात. जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात; आपल्या पेशींना हे काम जवळजवळ जमत नाही. ते नायट्राइट गिळले गेल्यावर शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते, जे रक्तवाहिन्या सैल करते. रक्ताभिसरणातील नायट्रिक ऑक्साइडच्या या भूमिकेच्या शोधाला 1998 चे वैद्यकाचे नोबेल मिळाले होते. 2013 मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी 19 निरोगी व्यक्तींना आठवडाभर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे माउथवॉश वापरायला दिले. लाळेतले नायट्राइट सुमारे 90 टक्क्यांनी घटले आणि रक्तदाब 2 ते 3.5 मिलिमीटरने वाढला. अभ्यास छोटा आहे, वाढही एका माणसाच्या दृष्टीने किरकोळ आहे. तरीही जिभेवरच्या जंतूंचा सरसकट नाश केल्यावर रक्ताभिसरणात फरक पडतो, एवढे त्यातून दिसते. शेतातले तण जाळण्यासाठी सगळ्या शेतावर तणनाशक फवारले तर पीकही जळते, आणि रिकाम्या जमिनीवर पहिल्यांदा उगवते ते पुन्हा तणच.

इथे एक रास्त आक्षेप येईल. जंतुनाशकांनी आणि प्रतिजैविकांनी लाखो जीव वाचवले, दाढेच्या गळूतून पसरलेल्या संसर्गाने माणसे मरत होती ती थांबली, मग त्यांच्याविरुद्ध बोलणे म्हणजे उलटा प्रवास नाही का? मुळीच नाही. गळू झाले, शस्त्रक्रिया झाली, हिरड्यांचा तीव्र संसर्ग झाला, तर जंतुनाशक हवेच, आणि तेही डॉक्टर सांगतील तेवढे दिवस. प्रश्न आहे निरोगी माणसाने रोजच्या रोज ते वापरण्याचा. त्याबाबतीत जिथे जंतूंची भीती सर्वांत जास्त असते त्या अतिदक्षता विभागातला अनुभवच बोलका आहे. श्वसनयंत्रावरच्या रुग्णांना न्यूमोनिया होऊ नये म्हणून त्यांच्या तोंडाला क्लोरहेक्सिडिन लावण्याची पद्धत वर्षानुवर्षे होती. त्याचा अपेक्षित फायदा दिसेना, उलट मृत्यूचे प्रमाण वाढत असावे अशी शंका अभ्यासांतून येऊ लागली. 2022 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयीन संसर्गतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने ते लावू नका आणि रुग्णाचे दात ब्रशने घासा असे सांगितले. त्याआधी 1999 मध्ये जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांतल्या अभ्यासात, रोज नीट दात घासून दिलेल्या वृद्धांना न्यूमोनिया कमी होतो, हे दिसले होते. थर हाताने विस्कटणे हे औषधापेक्षा सरस ठरले. व्हिनेगरचा प्रयोग करणाऱ्या लेव्हेनहूकला याचे आश्चर्य वाटले नसते.

दुसरा आक्षेप नेमका उलट्या बाजूने येतो. जंतू आपलेच, उपकारक, तर मग दात घासायचे तरी कशाला? आदिमानव कुठे ब्रश वापरत होता? उत्तर सोपे आहे: आदिमानव बिस्किटे खात नव्हता, आणि त्याच्याही हिरड्या काही निर्दोष नव्हत्या. आपला आहार बदलला, आयुर्मान वाढले, म्हणून थर रोज विस्कटणे आवश्यक झाले. त्यासाठी कडुनिंबाची वा बाभळीची काडी आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट यांत भांडण लावण्याचे कारण नाही. काडीचा खरा उपयोग तिच्या चघळलेल्या कुंचल्यात आहे, तो थर मोडतो. फ्लोराइड एनॅमलला आम्लापुढे टिकण्याचे बळ देते, ते काडी देत नाही. आपल्याकडची जेवल्यावर खळखळून चूळ भरण्याची रीतही चांगलीच आहे. तिने अन्नकण आणि थोडे आम्ल निघून जाते, मात्र चिकटलेला थर तिने निघत नाही. जुने ते सगळे शास्त्रीय किंवा नवे ते सगळे व्यापारी, असे सोयीचे निकाल इथे उपयोगी नाहीत.

या विषयात आणखी एक टोक आहे आणि सध्या ते जास्त आकर्षक झाले आहे: सगळ्या रोगांचे मूळ तोंडात शोधणे. हा मोह जुना आहे. 1910 मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने माँट्रियलमधल्या भाषणात तोंडातल्या पुवामुळे शरीरभर आजार पसरतात असे मांडले, आणि पुढची दोन-तीन दशके अमेरिका-इंग्लंडात संधिवातापासून अशक्तपणापर्यंत कशावरही धडधाकट दात उपटले गेले. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी तर वेड बरे करण्यासाठी रुग्णांचे दात काढले, पुढे आतडीही काढली. त्यात अनेक जण दगावले. आज आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत फ्युसोबॅक्टेरियम हा तोंडातला जंतू सापडतो, अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत जिंजिव्हॅलिसच्या खुणा दिसल्याचे 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. यांतला पहिला धागा भक्कम होत चालला आहे. दुसऱ्यावर बेतलेल्या औषधाची सहाशेहून अधिक रुग्णांवरची चाचणी 2021 मध्ये मुख्य उद्दिष्टांत अपयशी ठरली. गरोदरपणी हिरड्यांवर उपचार केले तर अकाली प्रसूती टळेल ही आशाही 2006 च्या मोठ्या चाचणीत फळली नाही. एकत्र आढळणे म्हणजे कारण असणे नव्हे, हा धडा पुनःपुन्हा गिरवावा लागतो. मधुमेहाबाबत मात्र पुरावा ठोस आहे. साखर ताब्यात नसली की हिरड्या बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांवर उपचार केले तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए1सी, सुमारे 0.4 टक्क्यांनी उतरतो. दहा कोटींहून अधिक मधुमेही असलेल्या देशात ही गोष्ट किरकोळ नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. तोल सांभाळा, कमी वेळा गोड खा, हा सल्ला ऐकायला सोपा आहे. पण सगळा भार एकट्या माणसावर टाकणारा आहे. हे खरे आहे. पाच रुपयांचे बिस्कीट हाताशी असते आणि दंतवैद्य तालुक्याला असतो, तेव्हा निवड करायला जागाच कुठे उरते? 2002-03 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. इतक्या मुलांचा आळस हे त्याचे स्पष्टीकरण असू शकत नाही. देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालये आहेत, तरी बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत दात तपासायला कुणी नसते. ब्रिटनने 2018 मध्ये साखरयुक्त शीतपेयांवर कर लावला. त्यानंतर दात किडल्यामुळे ते काढण्यासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा 12 टक्क्यांनी कमी झाल्याचे अभ्यासात दिसले. साखरेवर ज्या राज्याचे अर्थकारण आणि राजकारण उभे आहे तिथे असा विषय काढणे सोपे नाही, पण म्हणूनच तो काढला पाहिजे. शाळांच्या आवारात गोड पेये विकू नयेत, मधुमेहाच्या तपासणीत हिरड्यांची तपासणी असावी, आशा कार्यकर्तींच्या प्रशिक्षणात तोंडाच्या आरोग्याला जागा मिळावी आणि बाळाच्या रात्रीच्या बाटलीत साखर घालू नका हे प्रत्येक लसीकरणाच्या दिवशी सांगितले जावे. यांतल्या कोणत्याही मागणीला नवे औषध लागत नाही.

हे होईपर्यंत वाचकाच्या हातात जे आहे ते थोडके पण परिणामकारक आहे. दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने, विशेषतः झोपण्यापूर्वी, सावकाश दात घासा. गोड खायचे तर जेवणाबरोबर खा, दिवसभर चघळत राहू नका. तंबाखू आणि मिशरी सोडा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते उष्णतेवर ढकलू नका. मधुमेह असेल तर आणखी लवकर दाखवा. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जंतुनाशक माउथवॉशची बाटली रोजच्या वापरासाठी घरात आणू नका.